बारटक्के मॅडमचा लिफाफा

जिना उतरताना उजव्या पायातली चप्पल तुटली. ती तिथंच दुसऱ्या मजल्यावर सोडून मी धावलो आणि बारटक्के मॅडमच्या खोलीचं दार न ठोठावता ढकललं.

"मॅडम, सापडला!"

मॅडम पाठमोऱ्या उभ्या राहून कपाटावरची खोकी खाली ओढत होत्या. परवा, शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या आणि शनिवारी सामान घेऊन गुहागरला, बहिणीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. आठवडाभर त्यांची खोली रिकामी होत चालली होती.

"काय सापडला? माझा कागदाला भोकं पाडायचा पंच?" त्यांनी वळून न बघता विचारलं. "सोमवारपासून शोधतेय. तुम्ही पोरं एक वस्तू जागेवर ठेवत नाही."

"ग्रह, मॅडम. फटीत. ठिपका आहे, पश्चिमेच्या बाजूला."

खोकं अर्धवट बाहेर आलं होतं. त्यांनी ते तसंच पुन्हा आत सरकवलं.

"दार लाव," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्या एका पायाचा आवाज वेगळा का येतोय?"

"चप्पल तुटली."

"बस."

मी बसलो, पण जेमतेम खुर्चीच्या कडेवर. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजत होते. संकष्टीचा बुधवार होता. हे इतकं नेमकं का आठवतं ते पुढं येईलच.

मी त्यांचा शेवटचा विद्यार्थी. मोहोळहून पुण्याला आलो तेव्हा मला वाटायचं, दुर्बीण म्हणजे डोळा लावायचा आणि बघायचं. मॅडमच्या हाताखाली पहिल्या दिवशीच कळलं की आमच्या दुर्बिणीला डोळा लावायची सोयच नाही. ती होती चिलीच्या वाळवंटात, उंच पठारावर, पन्नासएक अँटेना मिळून एक. वर्षभर आधी अर्ज करायचा, नशीब असेल तर चाळीस मिनिटं मिळायची, आणि मग हातात पडायची ती आकड्यांनी भरलेली एक हार्ड डिस्क. त्या आकड्यांतून चित्र काढायला महिने जात.

आमचा तारा होता वृषभ राशीतला. वय दहा लाख वर्षं, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात अजून पाळण्यातलाच. त्याच्याभोवती धुळीची सपाट चकती होती, आणि त्या चकतीत एक काळी, गोल फट. तिथं एखादा ग्रह तयार होत असणार, त्यानंच फिरता फिरता वाटेतली धूळ गोळा केली असणार, असं सगळे म्हणत. पण खुद्द ग्रह काही दिसत नव्हता. तोवर रेडिओ दुर्बिणीतून असा जन्मणारा ग्रह थेट पाहिल्याचं आमच्या ऐकिवात नव्हतं. मॅडम तेवीस वर्षं तरुण ताऱ्यांभोवतीची धूळ चाळत होत्या. आधीच्या दुर्बिणींना तर फटसुद्धा दिसत नसे.

आणि आता दिसायची वेळ आली तर मॅडमच्या डोळ्यांनी दगा दिला होता. दृष्टीच्या मधोमध एक धुरकट डाग पडला होता आणि तो वाढत होता. कडेचं सगळं दिसे. ज्याच्याकडे रोखून बघावं तेवढंच नेमकं पुसलं जाई. म्हणून त्या बोलताना समोरच्याच्या कानाकडे बघत. नव्या वॉचमनला वाटायचं, बाई भलत्याच शिष्ट आहेत.

त्यांची एक पद्धत होती, तिला आख्खी इमारत टरकून असे. विद्यार्थ्याला आकडे देण्याआधी त्या मूळ डिस्क कपाटात कुलूपबंद करत आणि त्याला प्रत देत. त्या प्रतीत स्वतः एक खोटा ठिपका पेरून ठेवत. तो कुठं पेरलाय ते एका कार्डावर लिहून, लिफाफ्यात घालून, चिकटवून टाकत. विद्यार्थ्यानं शोधायचा. सापडला तर त्याचं काम विश्वासाचं. न सापडताच त्यानं भलतीकडे 'ग्रह' दाखवला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लिफाफा उघडल्यावर मूळ डिस्क मिळायची. खऱ्या आकड्यांवर तीच कृती करायची आणि मग जे दिसेल ते खरं.

"लिफाफा उघड," मॅडम म्हणाल्या.

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघतोस?"

ड्रॉवरमधून त्यांनी तो चाचपून काढला. मी फाडला. आत कार्डावर जाड मार्करनं दोन आकडे होते. अक्षर वाकडंतिकडं. बघणाऱ्याचं नाही, अंदाजानं लिहिणाऱ्याचं.

"वाच."

"शून्य पूर्णांक एकतीस. शून्य पूर्णांक बारा."

आमच्यात नियम आहे, पहिला आकडा पूर्व-पश्चिमेचा, दुसरा उत्तर-दक्षिणेचा; ताऱ्यापासून पूर्वेकडचं अंतर अधिक, पश्चिमेकडचं वजा. कार्डावर वजा नव्हतं. म्हणजे मॅडमनी ठिपका पूर्वेला पेरला होता. माझा पश्चिमेला होता. त्याचे नेमके आकडे मी अजून मोजले नव्हते, चित्र उमटताच धावत सुटलो होतो.

"मॅडम, तुमचा पूर्वेला आहे! माझा पार दुसऱ्या बाजूला!"

त्या हळूच खाली बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझा नाही."

"नाही."

"नागनाथ, म्हणजे तो माझा नाही."

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "मूळ डिस्क द्या मॅडम, लगेच चालवून बघतो. दुपारपर्यंत पक्कं होईल."

त्यांचा हात पर्सवर गेला आणि तिथंच राहिला.

"कपाटाची किल्ली घरी राहिली," त्या म्हणाल्या. "उद्या बघू."

तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. मॅडमना तो ठिपका बघायचा होता. आम्ही चित्र पडद्यावर मोठं केलं, मग आणखी मोठं. त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, खुर्ची मागे नेली, उभ्या राहिल्या. चकतीचं बाहेरचं कडं त्यांना दिसत होतं. फटीचा काळेपणाही जाणवत होता. ठिपका तेवढा हाती लागत नव्हता.

"मी बघायला गेले की नेमका तोच जातो," त्या म्हणाल्या. आवाज साधाच होता, पण मला पडद्याकडे बघवेना.

दुपारी कॅन्टीनमधून साबुदाण्याची खिचडी आली. मॅडमचा उपास फक्त खिचडीपुरता असे. "चंद्र उगवायची वाट बघणं चंद्रवाल्यांनी करावं," असं त्या दर संकष्टीला म्हणत. डबा उघडल्यावर मला काय सुचलं कोण जाणे, मी स्टीलचं झाकण पुढं ओढलं आणि त्यावर खिचडी पसरायला लागलो.

"काय चाललंय? अन्नाशी खेळू नये."

"हात द्या मॅडम."

मधे बटाट्याची फोड ठेवली, तो तारा. भोवती साबुदाण्याचं कडं. मग बोटानं पुसून काढलेली फट. तिच्याबाहेर पुन्हा साबुदाणा. आणि फटीत, पश्चिमेच्या जागी, शेंगदाण्याची एक पाकळी.

मी त्यांचं बोट धरून फिरवलं. बाहेरच्या कड्यावरून आत, फटीत. फटीत गेल्यावर त्यांनी माझा हात झटकला आणि बोट एकट्यानं फिरवलं. गुळगुळीत स्टीलवरून अर्धा फेरा झाला आणि बोट शेंगदाण्याला लागलं. तिथंच थांबलं.

"हा?"

"हा."

"केवढा असेल रे?"

"गुरूएवढा तरी. अजून वाढतोय."

"वाढेल," त्या म्हणाल्या. बोट उचललं नाही. "या खोलीत सतरा पोरं धावत आली, नागनाथ. कुणी रडत, कुणी नाचत. परवीन तर माझ्या गळ्यात पडली होती. सगळ्यांना मीच पेरलेला ठिपका सापडलेला. मीच पेरायचं आणि मीच शाबास म्हणायचं. एकदा तरी कुणीतरी असं काही सांगत यावं, जे मला आधीपासून माहीत नाही, एवढंच वाटायचं. तेवीस वर्षं एवढंच वाटत आलं."

मी विचारलं, "नाव काय ठेवायचं?"

"बारशाची घाई नको."

बाकीची खिचडी आम्ही डब्यातूनच खाल्ली. झाकण त्यांनी तसंच टेबलावर ठेवायला लावलं, वर एक कोरा कागद झाकला. पाच वाजता त्यांनी खोलीला कुलूप लावलं, किल्ल्यांचा जुडगा पर्समध्ये टाकला आणि निघताना माझी तुटकी चप्पल मला आठवणीनं उचलायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन्टीनमध्ये परवीन भेटली. परवीन मुजावर, मिरजेची, मला दोन वर्षं सीनियर. तिचा लिफाफा कधीच उघडून झाला होता.

"काय ओ ग्रहवाले! पेढे कुठायत?"

मी तिला सगळं सांगितलं. ती चहा ढवळत ऐकत होती. मधेच तिचा चमचा थांबला.

"मग मॅडमचा कुठं गेला?"

"काय?"

"मॅडमनी पूर्वेला पेरलेला. तो तुला दिसला का नाही?"

माझा कप मी खाली ठेवला.

"दिसायलाच पाहिजे की," परवीन म्हणाली. "तो तर नक्की तिथं आहे. त्यांनी स्वतः टाकलाय. तुला ग्रह दिसतो आणि पेरलेला दिसत नाही, हे कसं काय?"

आम्ही दोघं माझ्या टेबलाशी गेलो आणि काल जे करायला हवं होतं ते मी आत्ता केलं, माझ्या ठिपक्याची जागा मोजली. आकडे पडद्यावर आले. वजा शून्य पूर्णांक एकतीस. शून्य पूर्णांक बारा.

कार्डावरचेच आकडे. फक्त मॅडमकडून कार्डावर लिहिताना पुढची एक छोटी आडवी रेघ राहून गेली होती. ती राहिलेली त्यांना दिसलं नव्हतं.

परवीननं खांद्यावर हात ठेवला. "मूळ डिस्कवर बघ आधी. कदाचित..."

मी किल्ली मागायला गेलो. मॅडमनी काही विचारलं नाही. पर्समधून जुडगा काढला, चाचपून त्यातली एक किल्ली वेगळी केली, आणि पूर्ण जुडगाच माझ्या हातात दिला. कपाट उघडताना मला दिसलं की खोलीची किल्लीही त्याच कडीत होती. काल पाच वाजता त्यांनी कुलूप लावलं होतं ते याच जुडग्यानं. दिसलं, पण त्या घाईत डोक्यात शिरलं नाही.

कृती तयारच होती, आता एकदा चालवायला दीड तास लागायचा. मी तीनदा चालवलं, तीन निरनिराळ्या पद्धतींनी. प्रत्येक वेळी तीच चकती, तीच फट, आणि फटीत काही नाही. काळं, स्वच्छ, रिकामं. पूर्वेला नाही, पश्चिमेला नाही.

"आता?" परवीननं विचारलं.

"सांगतो जाऊन."

"दोन दिवस थांब की. शनिवारी त्या गुहागरला जातील. 'अजून तपासतोय' म्हण. कुणाचं काय जातंय? नंतर फोनवर हळूच सांगता येईल. नाही सांगितलं तरी चालेल."

खरं सांगतो, तिचं म्हणणं मला पटलं. पेपर निघणार नव्हता, कुणाची फसवणूक होणार नव्हती. तेवीस वर्षं वाट बघितलेली एक बाई शेंगदाण्यावर बोट ठेवून सुखानं गावाला गेली असती. जिना उतरताना मी वाक्य पाठ करत होतो. अजून चालू आहे मॅडम, डिस्क मोठी आहे, वेळ लागेल.

मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. खोकी सगळी गेली होती, टेबलावर फक्त झाकण होतं, कागदाखाली. घड्याळात चार वाजले होते.

"अजून..." मी सुरू केलं.

त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं. मी मोहोळहून आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांनी मला एकच गोष्ट बजावली होती. म्हणाल्या होत्या, मला दिसेनासं होणार आहे, तेव्हा यापुढं तू जे सांगशील तेच मी बघणार. पाठ केलेलं वाक्य मी सोडून दिलं.

"मॅडम, तिथं काही नाही."

"नीट बघितलंस?"

"हो."

"कितीदा?"

"तीनदा. कार्डावर वजा राहिलं होतं. तो तुमचाच होता."

त्यांनी मान हलवली. कागद बाजूला केला आणि झाकणावरून बोट फिरवायला लागल्या. साबुदाणा वाळून कडक झाला होता. बोट फटीत गेलं, फिरलं, पाकळीला लागलं.

"काल अकरा वाजता," त्या म्हणाल्या, "तू कार्ड वाचलंस. तेव्हाच मी विचारायला हवं होतं, मग माझा कुठं गेला? परवीननं विचारलं असेल, नाही का?"

"हो."

"सतरा पोरांना मी तेच शिकवलं. पहिला प्रश्न तोच. तू विसरलास, ठीक आहे, तुझा आनंद पहिला होता. पण मी नाही विसरले, नागनाथ. मी विचारलं नाही."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात तो जुडगा शिरला. एकाच कडीतल्या दोन किल्ल्या.

"किल्ली घरी नव्हती राहिली," मी म्हणालो.

"नव्हती." त्यांनी घड्याळाच्या दिशेनं तोंड केलं. "किती वाजले?"

"चार."

"काल अकरा ते आज चार. एकोणतीस तास झाले. एकोणतीस तास होता तो. मला पुष्कळ झाले."

असं म्हणून त्यांनी ती शेंगदाण्याची पाकळी उचलली आणि तोंडात टाकली. "शी, खवट झाला," म्हणाल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता चष्मा काढून पदरानं डोळे पुसले. मीही पुसले. त्यांना दिसणार नाही म्हणून मी चेहरा लपवला नाही, पण त्या म्हणाल्या, "नाक पूस. मला ऐकू येतं."

मग कार्ड मागून घेतलं. मार्कर उघडून माझ्या हातात दिला आणि पहिल्या आकड्यापुढं माझ्याकडून आडवी रेघ काढून घेतली. चांगली ठसठशीत.

गुहागरहून त्या दर संकष्टीला फोन करत. आधी खिचडीची चौकशी, मग तारा कसा आहे ते, आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "आला का कुणी?" मी म्हणायचो, अजून नाही मॅडम. त्या म्हणायच्या, फट आहे ना, मग येईल. पुढं परदेशातल्या एका गटाला दुसऱ्याच ताऱ्याच्या फटीत असा ग्रह दिसला. मी त्यांना लगेच फोन लावला. "दिसला ना?" त्या म्हणाल्या. "कुणाला का होईना, दिसला." त्यानंतर बराच वेळ फोनवर नुसता समुद्राचा आवाज येत राहिला. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या. आमच्या ताऱ्याची फट अजून रिकामी आहे. दोनदा अर्ज करून पुन्हा बघितली.

आता माझे विद्यार्थी आहेत. मीही ठिपका पेरतो, लिफाफा चिकटवतो. कार्डावर आकड्यांखाली पूर्व की पश्चिम ते अक्षरांत लिहितो. गेल्या महिन्यात एक मुलगी धापा टाकत आली. मी लिफाफा तिच्याकडूनच उघडून घेतला. जागा जुळत नव्हती. तिचा चेहरा असा काही उजळला की मी खुर्ची ओढून बसलो. माझा ठिपका कुठं गेला, हा प्रश्न माझ्या ओठावर होता.

"सर, मूळ डिस्क?" तिनं विचारलं.

माझा हात शर्टाच्या खिशावर गेला. किल्ली आतच होती, बोटांना लागली.

"किल्ली घरी राहिली गं," मी म्हटलं. "उद्या बघू."